दवाखान्याची पारख: आपल्या डॉक्टरांकडे मिळणारी सेवा किती चांगली, हे स्वतः कसं तपासायचं

आईच्या रक्ताचे तीन रिपोर्ट मी एका संध्याकाळी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पहिल्यावर हिमोग्लोबिन ११.६. दुसऱ्यावर १०.७. तिसऱ्यावर ९.४. तिन्ही एकाच दवाखान्याच्या फाइलमधले, तिन्हींवर डॉक्टरांची सही, आणि तिन्ही वेळा चिठ्ठीवर लोहाच्या त्याच गोळ्या. डॉक्टर स्वभावाने फार प्रेमळ. आईशी हसून बोलायचे, घरच्यांची चौकशी करायचे, कधी घाई करायचे नाहीत. कुणी विचारलं की आम्ही त्यांचंच नाव सांगायचो. पण ६६ वर्षांच्या बाईचं रक्त सव्वा वर्षात असं उतरत का चाललंय, हा प्रश्न त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी तो विचारला, तपासण्या केल्या आणि आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असल्याचं निघालं. वेळेत उपचार झाले, आई आता बरी आहे.

तेव्हापासून ‘चांगला दवाखाना’ हे शब्द मी जपून वापरते. दवाखान्याची खरी गुणवत्ता आपण केबिनमधून बाहेर पडल्यावर कळते: आपला रिपोर्ट कोण वाचतं, मागच्या रिपोर्टाशी ताडून कोण बघतं, आपण पुन्हा गेलो नाही तर कुणाच्या लक्षात येतं. हे सगळं पेशंटच्या नजरेआड घडतं, म्हणून आपण धरून चालतो की ते होतच असणार. ते होतंय की नाही हे बघता येतं, आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. कुठे आणि कसं बघायचं, ते क्रमाने सांगते.

‘हाताला गुण आहे’ हे माप का चालत नाही

आपण डॉक्टरांची पारख बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर करतो: बरं वाटलं का? पण साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाते. त्यामागून येणारा खोकला तीन आठवडेही रेंगाळतो आणि मग तोही जातो. चौथ्या दिवशी डॉक्टर बदलला आणि सातव्या दिवशी बरं वाटलं, की दुसऱ्याच्या हाताला गुण! उलट बाजूही तितकीच खरी आहे. उत्तम उपचार करूनही काही आजार बळावतात, त्यात डॉक्टरांची चूक नसते.

अव्हेदिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची गुणवत्ता मोजण्याविषयी एक लेख लिहिला. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: सेवेची रचना, म्हणजे जागा, उपकरणं, माणसं; सेवेची प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्ष काय आणि कसं केलं जातं; आणि शेवटचा परिणाम. आजही गुणवत्तेचा विचार याच चौकटीत होतो. एका घरापुरता पाहिलेला परिणाम फसवा असतो, कारण आपण मूठभर वेळाच दवाखान्यात जातो. रचना वरवर दिसते. आपल्या हातात असलेलं सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे प्रक्रिया. पुढचा सगळा भर तिच्यावरच आहे.

पायरी १: बरे असताना सुरुवात करा

ताप १०३ असताना पारख होत नसते. रक्तदाब तपासून घेणं, लस, नेहमीच्या गोळ्यांची नवी चिठ्ठी अशा किरकोळ कामासाठी जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. एक वही करा. प्रत्येक भेटीनंतर पाच ओळी लिहा: तारीख, कशासाठी गेलो, काय तपासलं, काय सांगितलं, पुढे काय ठरलं. एका भेटीवरून मत बनवू नका. डॉक्टरांचाही एखादा दिवस वाईट असतो, आधीच्या पेशंटची तब्येत बिघडलेली असू शकते. तीन-चार भेटींमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ती त्या दवाखान्याची रीत.

पायरी २: फोन आणि काउंटर

फोन लागतो का, आणि तातडीच्या माणसाला त्याच दिवशी भेट मिळते का, हे आधी बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोन उचलणारी व्यक्ती काय विचारते. छातीत दाब येतोय, श्वास घ्यायला त्रास होतोय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, हातातली ताकद अचानक गेलीय, असं कुणी सांगितलं तर ‘परवा सकाळी या’ हे उत्तर चालणार नाही. चांगल्या दवाखान्यात काउंटरवरच्या माणसाला हे शब्द शिकवलेले असतात. तो लगेच डॉक्टरांना बोलावतो किंवा थेट रुग्णवाहिका बोलवायला सांगतो. तुम्ही सरळ विचारू शकता: ‘दवाखाना बंद असताना कुणाला अचानक त्रास झाला तर काय करायचं?’ उत्तर चटकन आणि नेमकं आलं पाहिजे.

थांबायला लागणं हा मी फार मोठा दोष मानत नाही. आत एखादं काळजीचं प्रकरण असेल तर बाहेर उशीर होणारच. मात्र उशीर होणार हे कुणी येऊन सांगतं का, आणि बाकावर बसलेल्यांपैकी कुणी पांढरंफटक पडलं तर कुणाचं लक्ष जातं का, हे बघा.

आणखी एक. तुम्हाला काय होतंय, हे चारचौघांत मोठ्याने विचारतात का? लघवीचा त्रास, पाळीची तक्रार, मनाची अवस्था या गोष्टी रांगेतल्या दहा जणांसमोर सांगायला लागल्या, तर माणूस त्या सांगतच नाही. आणि न सांगितलेल्या तक्रारीवर उपचार होत नाहीत.

पायरी ३: हात, सुई, फ्रिज

फरशीची चमक आणि खुर्च्यांचे नवे कव्हर बघून भुलू नका. तीन गोष्टी बघा.

पहिली, हात. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. इतकी वर्षं झाली, तरी हीच गोष्ट सगळ्यात आधी राहून जाते. तुम्हाला हात लावण्याआधी डॉक्टर किंवा नर्स हात धुतात का, सॅनिटायझर चोळतात का? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळावं लागतं, साबणाने धुण्याची सगळी क्रिया ४० ते ६० सेकंदांची. सिंक टेबलापासून हाताच्या अंतरावर आहे, की त्यासमोर खोकी रचून ठेवलीत, हेही पुष्कळ काही सांगतं.

दुसरी, सुई. सिरिंज तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. वापरलेली सुई लगेच, टोपण पुन्हा न लावता, जाड डब्यात पडली पाहिजे. सुई टेबलावर, ट्रेमध्ये किंवा साध्या कचऱ्यात दिसली तर तो गंभीर इशारा आहे.

तिसरी, फ्रिज. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. काही लशी गोठल्या तर कायमच्या निकामी होतात, आणि बाहेरून बघून ते ओळखू येईलच असं नाही. म्हणून फ्रिजमध्ये तापमापक आणि शेजारी रोजच्या नोंदींचा कागद हवा. लस देताना विचारा, ‘फ्रिजचं तापमान किती असतं?’ काळजी घेणाऱ्या नर्सला या प्रश्नाचा राग येत नाही. ती तक्ता दाखवते. लस दिल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवत असतील तर तेही चांगलं लक्षण, कारण जीवघेणी ॲलर्जी आली तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते आणि तेव्हा ॲड्रिनालिनचं इंजेक्शन हाताशी लागतं.

पायरी ४: केबिनच्या आत

१९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की पेशंट तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात. २०१८ मध्ये अशाच दुसऱ्या अभ्यासात हा आकडा ११ सेकंद निघाला. तुमच्या बाबतीत घड्याळ लावायची गरज नाही. तुमचं वाक्य पूर्ण झालं का, आणि ‘अजून काही आहे का?’ असं कुणी विचारलं का, एवढंच लक्षात ठेवा. मनातली खरी भीती बहुतेक वेळा उठता उठता बाहेर पडते. ‘डॉक्टर, अजून एक…’ म्हटल्यावर ते पुन्हा बसले, तर त्या डॉक्टरांना माझ्याकडून जास्तीचा गुण.

किती मिनिटं दिली, यावरून मात्र थेट निष्कर्ष काढू नका. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या माहितीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांच्या भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं होता. मोठा फरक देशाच्या व्यवस्थेतून येतो, एकट्या डॉक्टरच्या हातात तो नसतो. मिळालेल्या वेळात तपासलं काय, हे बघा. पोटात दुखतंय म्हणून गेलात आणि पोटाला हातच लावला नाही, दम लागतो म्हणून गेलात आणि छातीवर स्टेथोस्कोप शर्टावरूनच टेकवला, तर ती भेट अपुरीच, मग ती कितीही वेळ चालो.

एकच तपासणी बारकाईने बघायची असेल तर रक्तदाबाची बघा. ती सगळ्यांची होते, आणि दवाखान्याची शिस्त तिच्यात जशी दिसते तशी दुसऱ्या कशात दिसत नाही. नीट मोजायचं तर असं: अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू नाही. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. बाही वर करून उघड्या दंडावर पट्टा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर. यातली एकेक चूक आकडा वर ढकलते: हात लोंबकळत ठेवला, मध्येच प्रश्न विचारले, जाड दंडावर लहान पट्टा आवळला, की रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. त्या आकड्यावर एखाद्याला आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते.

आणि आता तुमच्या जुन्या चिठ्ठ्या काढा. त्यांवरचे रक्तदाबाचे आकडे एका कागदावर उतरवा. १३०/८०, १२०/८०, १४०/९०, १३०/८०… असेच सगळे शून्याने संपतात का? पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्रावर २-२ च्या खुणा असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कुठलाही यायला हवा, शून्य साधारण पाचातून एकदा. डिजिटल यंत्रावर तर दहातून एकदाच. सगळेच आकडे गोल असतील तर कुणीतरी अंदाजाने लिहितंय. आईच्या फाइलमध्ये मी १४ नोंदी मोजल्या. चौदाच्या चौदा शून्याने संपत होत्या. रिपोर्टांच्या आधी ही खूण मला दिसायला हवी होती, ही रुखरुख अजून जात नाही.

पायरी ५: चिठ्ठी

चिठ्ठी लिहिण्याआधी तीन प्रश्न यायलाच हवेत: कशाची ॲलर्जी आहे का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि वयानुसार, दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजता का. लहान मूल असेल तर त्याचं वजन केलं का? मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, वयावरून अंदाजाने लिहिलेली मात्रा कमी तरी पडते किंवा जास्त तरी होते. मुलाला काट्यावर उभं केल्याशिवाय औषध न लिहिणारा डॉक्टर दिसला, तर समजा की हा माणूस कुणी बघत नसतानाही नीटच काम करतो.

प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिक्सची, परीक्षा वेगळी घ्यावी लागते. साधी सर्दी विषाणूने होते आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. घसादुखी आणि खोकलाही बहुतेक वेळा विषाणूचाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून या औषधांचे तीन गट केले आहेत: आधी वापरायची, जपून वापरायची आणि अगदी शेवटच्या उपायासाठी राखून ठेवायची. ज्या दवाखान्यात प्रत्येक सर्दीला जपून वापरायच्या गटातलं औषध मिळतं, तिथे तुम्हाला लवकर बरं वाटल्यासारखं वाटेल, पण उद्या न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू पडेलच याची खात्री राहणार नाही. ‘आत्ता याची गरज नाही, अमुक दिवसांनी ताप राहिला तर या’ असं सांगायला धैर्य लागतं, कारण पेशंट नाराज होऊन दुसरीकडे जातो. असं सांगणाऱ्या डॉक्टरांवर नाराज होऊ नका. उठसूट इंजेक्शन आणि अशक्तपणा घालवायला सलाईन यांचंही तेच. तोंडाने औषध घेता येत असताना सुई का टोचायची, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चिठ्ठी हातात आल्यावर ती तिथेच वाचा. अक्षर लागतंय का? किती दिवस घ्यायचं ते लिहिलंय का? नेहमीच्या गोळ्यांशी नवी गोळी जुळते का, हे कुणी पाहिलं का? रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं सहज लिहिली जातात. ती रक्तदाब वाढवू शकतात आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून त्या चिठ्ठीवर वार लिहिलेला असला पाहिजे.

शेवटी एक वाक्य ऐकू यायला हवं: ‘असं असं झालं तर वाट न बघता परत या.’ नुसतं ‘बरं नाही वाटलं तर या’ पुरेसं नाही. तापाच्या मुलाच्या आईला लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं, छाती आत ओढली जाणं अशा खुणा सांगितल्या पाहिजेत. आणि खरोखर चांगला डॉक्टर विचारतो, ‘आता मी सांगितलं ते तुम्ही मला सांगा बघू.’ यात पेशंटची परीक्षा नसते. आपण नीट समजावलं का, हे डॉक्टर स्वतःचं तपासत असतो.

पायरी ६: रिपोर्टाचं पुढे काय होतं

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी करा. काउंटरवर किंवा डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा.

- रिपोर्ट आला की तो आधी कोण बघतं आणि किती दिवसांत?
- काही बिघाड असेल तर मला कोण कळवतं आणि कसं?
- मी रिपोर्ट न्यायला आलेच नाही, तर तुमच्या लक्षात येतं का?
- जुने रिपोर्ट नव्याबरोबर बघितले जातात का?

‘काही कळवलं नाही तर सगळं ठीक समजा’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. नमुना प्रयोगशाळेत पोचलाच नाही, रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलमध्ये लागला, फोन नंबर चुकीचा होता, या सगळ्या वेळी दवाखान्यातून काहीच कळवलं जात नाही. शांतता म्हणजे चांगली बातमी, हा नियम असलेल्या दवाखान्यात हरवलेला रिपोर्ट आणि उत्तम रिपोर्ट यांत पेशंटला फरकच कळत नाही. तिसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे वही असते, पाठवलेल्या तपासण्या तिच्यात लिहितो आणि आल्या की खूण करतो’ असं उत्तर मिळालं, तर असा दवाखाना सहज सोडू नका. मग ती वही कागदाची असो की संगणकातली.

चौथा प्रश्न आईच्या अनुभवातून आला. एकेकटा रिपोर्ट पुष्कळदा ‘जरासा कमी’ किंवा ‘जरासा जास्त’ असतो आणि तेवढ्यावर सोडून दिला जातो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, वजन या आकड्यांचा अर्थ त्यांच्या चालीत असतो. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरातलं लोह कमी होत असेल, तर ते कुठून जातंय हे शोधणं ही वैद्यकशास्त्रातली रूढ रीत आहे. गोळी द्यायचीच, पण शोधायचंही. एक साधा तक्ता तुम्हीच करा: डावीकडे तारखा, वर तपासण्यांची नावं. दहा मिनिटांचं काम आहे. तो तक्ता डॉक्टरांपुढे ठेवा आणि त्यांचे डोळे कुठे जातात ते बघा.

मोठ्या रुग्णालयात पाठवलं जातं तेव्हाही हीच कसोटी. सोबतच्या चिठ्ठीत काय झालंय, आतापर्यंत काय दिलं, नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे, आणि चालू गोळ्यांची यादी असावी. ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहिलेलं पत्र म्हणजे जबाबदारी ढकलणं. रुग्णालयातून घरी आल्यावर तिथल्या कागदावरच्या गोळ्या आणि घरातल्या जुन्या गोळ्या कुणीतरी बसून जुळवाव्या लागतात. नाहीतर तेच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोनदा पोटात जातं.

पायरी ७: आपल्याच आजाराची फाइल तपासा

दीर्घ आजार असेल तर दवाखान्याची गुणवत्ता तारखांवरून मोजता येते. काय आणि कधी व्हायला हवं हे पुष्कळसं ठरलेलं आहे. मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, वर्षातून किमान दोनदा, औषध बदललं किंवा साखर आटोक्यात नसली तर दर तीन महिन्यांनी. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (हे प्रथिन लघवीत उतरू लागलं तर मूत्रपिंडाला इजा होत असू शकते) आणि क्रिएटिनिन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि मोजे काढून पायांची तपासणी. पाय! बहुतेक फाइलींमध्ये रिकामी जागा इथेच सापडते. मधुमेहात पायाची संवेदना जाते, जखम दुखत नाही, म्हणून ती दिसतही नाही. मोजे शेवटचे कधी काढायला सांगितले होते ते आठवून बघा.

थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशा गोळ्या सुरू केल्या किंवा वाढवल्या की थोड्याच आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीच्या, नियमित नोंदी. आपल्या आजाराची अशी यादी डॉक्टरांनाच विचारा: ‘माझ्या या आजारात वर्षभरात काय काय तपासायला हवं?’ मग फाइल उघडा आणि तारखा लावा. एखादी तपासणी राहिली म्हणजे दवाखाना वाईट असं नाही. तीच तपासणी दर वर्षी राहत असेल तर मात्र आठवण ठेवण्याची व्यवस्थाच तिथे नाही.

पायरी ८: ओळखीचे डॉक्टर

तेच डॉक्टर पुन्हा भेटतात का? २०१८ मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात २२ अभ्यासांचा आढावा आला. त्यांतल्या १८ अभ्यासांमध्ये, त्याच डॉक्टरांकडे सातत्याने जाणाऱ्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. सातत्यामुळेच तसं झालं असं या अभ्यासांवरून ठाम म्हणता येत नाही, पण अनुभवाला ते पटतं. तुमचा नेहमीचा चेहरा माहीत असलेल्याला उतरलेला चेहरा दिसतो. अनेक डॉक्टर असलेल्या दवाखान्यात दर वेळी नवा माणूस भेटत असेल, तर निदान मागची नोंद वाचूनच ते बोलायला सुरुवात करतात का, ते बघा. पण आमच्या बाबतीत सातत्य भरपूर होतं, तेही लक्षात असू द्या. ओळखीच्या माणसाची नजर सरावते, हळूहळू होणारा बदल तिला दिसेनासा होतो. म्हणून सातत्याला लेखी नोंदींची जोड हवी.

पायरी ९: लोक काय म्हणतात

इंटरनेटवरचे तारे बहुतेक वेळा वागणूक, थांबावं लागलेला वेळ आणि पार्किंग मोजतात. वागणूक महत्त्वाची आहे, पण आमच्या जुन्या डॉक्टरांना मी स्वतः पाचपैकी पाच दिले असते. एकटं-दुकटं टोकाचं मत सोडून द्या, तीच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी केली असेल तर ती वाचा. ज्या देशांत दवाखान्यांच्या तपासणीचे सरकारी अहवाल जाहीर होतात, तिथे अहवालाची तारीख आणि सुरक्षिततेविषयीचा भाग आधी बघा. त्याहून उपयोगी म्हणजे दीर्घ आजार असलेल्या शेजाऱ्याशी बोलणं. त्याला विचारा, ‘तुमचा रिपोर्ट बिघडला होता तेव्हा दवाखान्याने काय केलं?’ ‘डॉक्टर कसे आहेत?’ या प्रश्नापेक्षा इथे खरं उत्तर मिळतं.

पायरी १०: बोलायचं कसं, सोडायचं कधी

चूक दिसली तर आधी बोला. आवाज न चढवता, नेमकं. ‘डॉक्टर, हे तीन रिपोर्ट मी एकत्र लावून पाहिले, आकडा खाली येताना दिसतोय. याचं कारण शोधायला काय करायचं?’ हे वाक्य मी तेव्हा त्यांच्यासमोर बोलले नाही. भीड पडली, आणि मी गुपचूप आईला दुसरीकडे नेलं. आज मला ते चुकीचं वाटतं. त्यांना कळलं असतं तर फाइलमधल्या बाकीच्या किती आयांचे रिपोर्ट त्यांनी पुन्हा काढून पाहिले असते.

डॉक्टरांचा प्रतिसाद हीच मग शेवटची परीक्षा. ‘बरं झालं दाखवलंत, माझ्याकडून राहिलं’ म्हणणारा डॉक्टर सोडू नका, चूक झालेली असली तरी. ‘डॉक्टर तुम्ही की मी?’ असं म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका, चूक लहान असली तरी.

काही बाबतींत बोलत बसू नका, लगेच बाहेर पडा: वापरलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा वापरताना दिसली, तुमची माहिती दुसऱ्याला सांगितली गेली, तुमच्याच रिपोर्टांच्या प्रती द्यायला नकार मिळाला, नाजूक तपासणी तुमच्या संमतीशिवाय किंवा तुम्ही सांगूनही सोबतीला कुणाला न बसवता करू लागले, किंवा इन्शुलिनसारखं औषध बंद करून खात्रीने बरं करतो असं कुणी म्हणालं. सुई आणि संमतीच्या बाबतीत तक्रार लेखी करा, तारीख आणि वेळ घालून. दवाखाना बदलताना जुन्या नोंदींची पूर्ण प्रत आधी हातात घ्या, मगच निघा.

आपल्या बाजूचंही थोडं असतं. चालू गोळ्यांची यादी पाकिटात ठेवा, त्यात काढे, चूर्ण, जीवनसत्त्वं सगळं आलं. गोळ्या चुकवल्या असतील तर खरं सांगा. अर्धवट माहितीवर कुणीही चांगले उपचार करू शकत नाही.

नव्या डॉक्टरांकडे आईला पहिल्यांदा नेलं, तेव्हा त्या फारशा हसल्या नाहीत, घरच्यांची चौकशीही केली नाही. मी टेबलावर ठेवलेली फाइल त्यांनी शेवटच्या पानापासून मागे वाचत नेली. तिसऱ्या रिपोर्टावर बोट ठेवून दुसरा काढला, मग पहिला. तिन्ही आकडे एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, ‘आजी, शौचाचा रंग कधी काळसर दिसला का?’ आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘हो. पण तो लोहाच्या गोळ्यांनी होतो ना?’ त्या म्हणाल्या, ‘त्यानेही होतो. गोळ्या सुरू करायच्या आधी दिसला होता का, ते आठवा.’ आईने आठवलं.